सुरुवातीचा श्वास

तेल्च गावच्या बंबखान्यावरच्या सभागृहात दर शनिवारी सकाळी नऊ खुर्च्या अर्धवर्तुळात मांडल्या जात. पाच फुंकीची वाद्यं, चार तारांची. समोर काठी हलवणारा कुणी नाही; त्यांच्यात ती पद्धतच नव्हती. डाव्या टोकाचा पहिला व्हायोलिनवाला नाकाने श्वास घेई, सगळ्यांना ऐकू जाईल असा, आणि त्या श्वासाच्या टोकाशी नऊही जण एकदम सुरू होत. तीस वर्षं तो श्वास ओतकारने घेतला होता.

नोव्हेंबरात ओतकार फुप्फुसांच्या दुखण्याने गेला. शेवटचे चार दिवस त्याला श्वास आत ओढता येत नव्हता. त्याची बायको रूझेना, त्याच मेळातली क्लॅरिनेटवाली, उशाशी बसून ते बघत होती. तो गेल्यावर ती रोज देवळात पहाटेच्या मिस्साला एक मेणबत्ती लावू लागली. मागणं एकच: त्याला श्वास मिळू दे. गेलेल्या माणसासाठी असं मागणं वेडेपणाचं, हे तिला कळत होतं. पण नेम तो नेम.

ओतकारच्या खुर्चीवर वेंदुला आली. हात गोड होता पोरीचा, पण तिचा श्वास कुणाला सापडेना. कुणी आधी घुसे, कुणी मागून धावे.

"पोरी, तू श्वास घेतेस की शिंक दाबतेस?" बासूनवाल्या बोहुशने विचारलं. सगळे हसले, तीही हसली.

जानेवारीतल्या एका शनिवारी मात्र मंद भाग असा सुरू झाला, जणू नऊ जणांना एकच छाती होती. संपल्यावर बोहुशने जमिनीवर पाय आपटले. "आत्ता कसं! शाबास!"

वेंदुला पांढरी पडली होती. "काका, मी श्वास घेतलाच नव्हता. मी गज उचलतेय तोवर तुम्ही सगळे निघालात."

"चल, काहीतरीच. मी ऐकला ना."

सगळ्यांनी ऐकला होता. डावीकडून. श्वासाच्या सुरुवातीला नाकपुडीत वाजणारी ती बारीक शीळ रूझेनाच्या ओळखीची होती.

त्या दिवशी बोहुशने बासूनचा खालचा भाग सोडवून नेहमीसारखा बादलीवर उलटा धरला. दोन तासांची फुंकीची वाफ आत साचते, तिचं पाणी होतं. त्या दिवशी थेंबही पडला नाही.

"बघ गं रूझेना, म्हातारा आटला!"

गुरुवारी त्याची लेक कॉफी घेऊन खोलीत गेली, तर तो खुर्चीत बसलेला होता. तोंड उघडं. डॉक्टर म्हणाले, हृदय.

यिह्लावाहून दुसरा बासूनवाला आला. तालमी चालू राहिल्या. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी दुपारी कार्यक्रम होता आणि सुरुवात आता दर वेळी बिनचूक जमत होती. वेंदुलाही आता गुपचूप वाट बघे, मग गज टेकवी. रूझेनाने एक गोष्ट हेरली. आवाज श्वास आत घेतल्याचाच येई. सोडल्याचा कधीच नाही.

ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात ओबोवाल्या हावेलने वाद्यातली ओल पुसायचं फडकं ओढून काढलं आणि ते कोरडं फडकं बोटांनी चाचपत तो नुसता उभा राहिला. मंगळवारी त्याच्यासाठी देवळात मरणाची घंटा वाजली. त्याच्या खुर्चीवरही बाहेरून कुणी आलं.

रूझेनाच्या क्लॅरिनेटमधून मात्र दर शनिवारी फडकं ओलंचिंब निघत होतं. आपल्याला ओतकार शिवत नव्हता.

कार्यक्रमाच्या आदल्या शनिवारी बासरीवाल्या हेडविकाचा सूर लांब ओळीच्या मध्येच तुटला. तिला सातवा महिना होता.

"आत जागाच उरली नाही हो श्वासाला," ती पोटावर हात ठेवून म्हणाली. "भाडेकरू लाथा मारतोय."

तिने बासरीतून फडकं काढलं. एक टोक ओलं होतं, बाकीचं कोरडं.

"हेडविका, उद्या तू वाजवू नकोस," रूझेना हळूच म्हणाली.

"ताई, उद्या खुर्ची सोडली तर बाळंतपणानंतर मला परत कोण बसवणार? नका असं बोलू."

रूझेना वेंदुलाकडे वळली. "श्वास नको. नुसत्या गजाने इशारा दे. एकदा करून बघू."

सगळे पुन्हा बसले. वेंदुलाने गज उचलला, खाली आणला. तिचं एकटीचंच व्हायोलिन वाजलं. बाकीचे वाद्यं ओठांना, गज तारांना लावून थांबले होते. डावीकडे कान देऊन.

मग तो श्वास आला.

रूझेनाने सूर लावला नाही. ती हेडविकाच्या तोंडाकडे बघत होती. ओठ निळसर होत चालले होते.

रविवारी पहाटे देवळात रूझेनाने मेणबत्ती लावली नाही. ती गुडघ्यांवर बराच वेळ होती. मग कुजबुजली, "दुसऱ्यांचा नको, ओतकार. हवाच असेल तर माझा घे."

दुपारी सभागृह भरलं. नऊ जण बसले. खोकणं थांबलं.

श्वास आला. या वेळी डावीकडून नाही. अगदी रूझेनाच्या कानाशी.

मंद भागातली ती लांब ओळ हेडविकाने एका दमात नेली, पार शेवटपर्यंत. लोक उभे राहिले. टाळ्या थांबेचनात.

मागच्या खोलीत हेडविकाने फडकं पिळून दाखवलं. पाणी मनगटापर्यंत ओघळलं.

"बघा, ताई! उगाच घाबरवलंत मला."

रूझेना हसली. तिने क्लॅरिनेट सोडवलं, दोरी आत टाकली आणि फडकं सावकाश ओढून घेतलं.

त्यावर सकाळी इस्त्रीने पाडलेली घडी अजून तशीच कोरडी, कडक होती.