आभार मानू नका, डॉक्टर

"माझ्या कुत्र्याला बुडवताय की काय?" कुंपणापलीकडून यानेलाने विचारलं.

गुरांचा नवा डॉक्टर रामिरो दचकला. मेंढ्या वळणारा तिचा तेरो केव्हाच त्याच्या बादलीशी जाऊन उभा होता.

"मी नाही, तोच डोकं बुडवेल." त्याने मांसाचा तुकडा पाण्यात टाकला. तेरोने नाक ओलं केलं... मागे सरला. "धावून तापलेल्या कुत्र्याने डोकं बुडवलं की अंग लवकर निवतं. पण जबरदस्ती नाही. त्याने आपणहून करायला हवं."

यानेलाचं हसू मावळलं. गेल्या जानेवारीत, ऐन उन्हाळ्यात, मेंढ्या वळायच्या स्पर्धेच्या मैदानातच तेरोची आई उन्हाने कोसळली होती. ती उठलीच नाही.

"शिकवाल त्याला?" तिने कडू चहाचा पेला पुढे केला.

त्याने पेल्यातल्या नळीने चहा ओढून संपवला. "आभारी आहे."

सालतो भागात पेला परत देताना आभार मानले, की समजायचं – पुरे, आता पुन्हा भरायला नको.

"इतका वाईट होता?"

"नाही हो... नऊ गायी वाट बघताहेत."

"सुंदर असतील."

"तुमच्याइतक्या नाहीत—" म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

महिनाभर तो रोज सकाळी आला. रोज बादली, रोज एकच पेला, रोज आभार. यानेलाला त्या गायींचा राग येऊ लागला.

स्पर्धेच्या दिवशी ऊन नुसतं भाजत होतं. पहिली फेरी संपवून तेरो परतला तेव्हा त्याची जीभ रुंद होऊन लोंबत होती. अंतिम फेरीला पंधरा मिनिटं होती.

"याने डोकं नाही घातलं, तर मी नाव मागे घेणार," यानेला म्हणाली.

"पोरी, बाप्तिस्मा करतेस का त्याचा?" शेजारचे म्हातारे एउलोखिओ हसले.

"बुडव, तेरो."

बादलीत आज मांस नव्हतं. तेरोने पाण्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं... आणि कानांसकट डोकं आत घातलं. पुन्हा घातलं. मग अंग असं झटकलं की एउलोखिओंचा इस्त्रीचा सदरा भिजला.

हळूहळू तेरोची धाप ओसरली. रामिरोने हिरड्या पाहिल्या, ताप मोजला. "जाऊ दे त्याला."

तेरो सुटला! मेंढ्या कडेकडेने वळल्या, एकामागून एक वाड्यात शिरल्या. यानेलाने फाटक लावलं तेव्हा वेळ उरला होता आणि सगळं मैदान उभं होतं. तेरो धावत तिच्याकडे आला, शेपटी हलवत, जिवंत. ती त्याच्या ओल्या मानेत तोंड खुपसून रडली.

"ती बादली जरा दे," एउलोखिओ पुटपुटले. त्यांचा कुत्रा धापा टाकत होता.

सावलीत यानेलाने थर्मासमधलं गरम पाणी ओतून चहाचा पेला भरला. "आज आभार मानलेस ना, तर मी समजायचं ते समजेन."

"आता 'तू' का?" तो हसला. त्याने पेला संपवला आणि ओठ घट्ट मिटून परत दिला. दुसरा. तिसरा. शेवटी थर्मास रिकामा झाला.

"पाणी संपलं... आणि तुझ्या गायी?"

"आज रविवार आहे. आणि मला कधीच पुरे होणार नाही, यानेला."

ती उठली आणि किटली चुलीवर ठेवायला गेली.