सेवक वाढवून टाकणे

सन दोन हजारच्या नोव्हेंबरात मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळं झालं आणि ग्वाल्हेरच्या एका सरकारी कचेरीत माणसांची वाटणी सुरू झाली. कुणी इकडे राहायचं आणि कुणी तिकडे रायपुरला जायचं, याचे आदेश भोपाळहून गठ्ठ्यांनी येत. चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. ज्यांची पोरं दहावीला होती त्यांचे चेहरे तर पाहवत नसत.

शरयू तिथे संगणक विभागात कंत्राटावर होती आणि तिचे वडील भालचंद्रराव त्याच कचेरीत हेडक्लार्क. त्यांच्या नोकरीचं एक वर्ष उरलं होतं. आई गेल्यापासून हरिशंकरपुरमच्या घरात बापलेक दोघंच. "माझं नाव तिकडे लागलं, तर तुझ्या हातचं जेवण सुटलं समज," असं ते हसत म्हणायचे, पण रात्री कूस बदलत असायचे. शरयूला दुसरं कुणी नव्हतं. 

आदेश आणि सेवापुस्तकं जुळवायचं काम हाताने केलं असतं तर दोन वर्षं पुरली नसती. शरयूने त्यासाठी सर्व्हरवर एक स्क्रिप्ट लिहिली आणि तिचं नाव ठेवलं सेवक. सेवक दर पंधरा मिनिटांनी जागा व्हायचा, नवे आदेश वाचायचा आणि प्रत्येक नाव 'इकडे' किंवा 'तिकडे' अशा दोनपैकी एका यादीत टाकायचा. पडद्यावर काही दिसायचं नाही. शरयू घरी गेली तरी मागच्या मागे काम चालू.

"पण सुरू करणाराच निघून गेला तर हा कुणाचा?" विभागाचे प्रमुख बळवंतराव यांनी विचारलं होतं.

"कुणाचाच नाही, काका. ज्याने सुरू केला तो प्रोग्राम संपतो, मग मशीनचा पहिला प्रोग्राम याला दत्तक घेतो. याला डेमन म्हणतात."

"म्हणजे राक्षस न?"

"नाही हो, नोकर समजा."

बळवंतराव माणूस जुन्या वळणाचा. असं काम थांबवायचं तर यंत्राला जो हुकूम द्यावा लागतो त्याचा अर्थच 'मार', आणि तो शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. चालत्या वस्तूला 'बंद कर' म्हणायचीही त्यांना चोरी.

डिसेंबरात भालचंद्ररावांचं नाव 'इकडे' लागलं. त्यांनी सगळ्या कचेरीला पेढे वाटले. त्याच महिन्याच्या शेवटी बळवंतराव निवृत्त झाले आणि सत्कार, हार वगैरे उरकून निघताना शरयूच्या टेबलावर चिठ्ठी ठेवून गेले: 'चि. शरयू, एकतीसला काम पुरं होईल. सेवक वाढवून टाकणे. विसरू नये. बळवंत.'

सेवकाला शरयूने एकतीस डिसेंबरची मुदत घातली होती. काकांना आणखी आदेश येतील असं वाटत असणार, असं तिने धरलं. नवी तारीख कुठली घालावी हे त्यांनी लिहिलं नव्हतं, म्हणून तिने तारखेची जागाच रिकामी केली. हा झाला वाढवलेला सेवक. दोन मिनिटांचं काम.

तीन जानेवारीला तिला तिसरी यादी दिसली.

ती तिने बनवली नव्हती. वर नाव नव्हतं, आत एकच ओळ होती: दौलतसिंह, वाहनचालक, ५ जानेवारी, ११:१०. दौलतसिंह तर केव्हाच 'इकडे' लागला होता. काहीतरी चुकलंय, फुरसतीत बघू, असं म्हणून तिने यादी बंद केली.

पाच तारखेला सकाळी साहेबांना आणायला दौलतसिंह जीपमध्ये बसला आणि बसलाच. इंजिन सुरू, हात चाकावर. शिपाई हाक मारायला गेला तेव्हा अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती. डॉक्टरांनी हृदयविकार सांगितला.

शरयू धावत आत गेली. यादीत आता दुसरी ओळ होती. आवक-जावकच्या सुमनताई, ९ जानेवारी, दुपारी २:४०. सुमनताईंना काय सांगायचं? ती नुसती त्यांना दिवसातून तीनदा विचारायची, "तबियत बरी आहे न?" त्या हसायच्या. नऊ तारखेला डबा धुऊन त्या नळापाशी टेकल्या, त्या उठल्या नाहीत.

त्या संध्याकाळी शरयूने सेवकाला तो 'मार'चा हुकूम दिला. चालू कामांमधून सेवकाचं नाव गेलं. तिने यादी उघडून पाहिली. पंधरा मिनिटांनी यादीवरची शेवटच्या बदलाची वेळ पुढे सरकली होती. मग तिने सर्व्हरची तार भिंतीतून उपटली आणि रात्रभर ती तशीच ठेवली. सकाळी तार जोडली, तर यादीत सेवक जागा झाल्याच्या रात्रीच्या एक, सव्वा, दीडच्या नोंदी होत्या. यंत्राला वीज नव्हती तेव्हाच्या.

ती तडक माधवगंजला बळवंतरावांकडे गेली. ते देवपूजा उरकत होते. तिने सगळं सांगितलं.

"मी लिहिलं होतं न, वाढवून टाक म्हणून," ते म्हणाले.

"वाढवलाच की, काका. मुदतच काढून टाकली."

बळवंतरावांचा हात थांबला. त्यांच्या पत्नी इंदुताई दाराशी उभ्या होत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, आमच्यात दुकान वाढवतात, बांगडी वाढवतात, दिवा वाढवतात. संपलं असं म्हणायचं नसतं, म्हणून वाढवलं म्हणतात. तुला कुणी सांगितलं नाही?"

"आई सांगायची कदाचित. माझ्या ध्यानातच आलं नाही."

"आता काय करून राहिली तू तिथे?" बळवंतराव म्हणाले. "त्या खोलीत जाऊ नको."

"पण काका, तो थांबेल कसा?"

बळवंतराव पुन्हा पूजेला लागले. निघताना इंदुताईंनी तिच्या हातावर साखर ठेवली आणि दार लावून घेतलं.

तेरा तारखेला दुसरा शनिवार, सुट्टी. शरयू तरीही कचेरीत गेली. न जाणं तिला जमेना.

यादीत नवी ओळ होती.

भालचंद्र, हेडक्लार्क, १३ जानेवारी, ४:२०.

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले होते.

तिने ओळ पुसली. सव्वातीनला ओळ परत आली. पुन्हा पुसली. साडेतीनला परत. मग तिने फक्त तारीख आणि वेळ पुसली. नाव राहू दिलं, पुढची जागा रिकामी ठेवली.

पावणेचारला ओळ तशीच होती. रिकामी.

स्कूटर घेऊन ती घरी सुटली आणि धापा टाकत जिना चढली. बाबा गच्चीवर उन्हात बसले होते. मफलर गुंडाळलेला, पुढ्यात मटारच्या शेंगांची टोपली आणि पितळी पातेलं.

"सुट्टीच्या दिवशी कुठे गेली होतीस?" त्यांनी विचारलं. "इतकी का हापतेस? बस."

ती त्यांच्या पायाशी बसली. हातातलं घड्याळ सोडून तिची नजर हलेना.

चार अठरा. चार एकोणीस.

चार वीस. बाबांनी शेंग फोडली, दाणे पातेल्यात टाकले.

चार एकवीस. दुसरी शेंग फोडली.

शरयू त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हमसून रडली. वाचवलं. तिने त्यांना वाचवलं. रडं ओसरलं तेव्हा ऊन कठड्यापर्यंत गेलं होतं.

"बाबा, चहा टाकू?"

ते बोलले नाहीत. तिने त्यांच्या मनगटाला हात लावला. मनगट त्या पितळी पातेल्यासारखं गार होतं. तिने बोट दाबून बराच वेळ धरलं. खाली नाडी लागेना.

तिने वर पाहिलं. बाबांचे डोळे टोपलीवर होते. टोपली रिकामी होती. त्यांची बोटं आत जात होती, काहीतरी उचलत होती, अंगठा दाबून ते फोडत होती आणि पातेल्यावर झटकत होती. मग पुन्हा टोपलीत जात होती.

सेवकासारखीच त्यांचीही मुदत तिने रिकामी ठेवली होती. शरयू किती वेळ बघत राहिली कोण जाणे. मग ती उठली, खाली कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे गेली, दोन किलो मटार आणले आणि ते टोपलीत ओतले.