हवा लागलेला थर

‘थर सदोष. वीज नीट वाहत नाही.’

प्रयोगशाळेच्या मोजणीच्या खोलीतून आलेली चिठ्ठी वाचली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षं सेंद्रिय भुकटी निर्वात भांड्यात तापवून तिने काचेवर हा वीज वाहून नेणारा थर चढवायला शिकून घेतलं होतं, केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढा पातळ! आणि या दोन ओळींवरून उद्याच्या बैठकीत तिचं काम बंद होणार?

मोजणीच्या खोलीच्या दारातच ती एका उंच तरुणावर आदळली.

“तो मोजणीवाला गाढव कुठे बसतो?”

“आत...” तो अदबीने म्हणाला, “पण सध्या तुमच्यासमोर उभा आहे.”

लाजायला तिला वेळच नव्हता. टेबलावर तिच्या काचा उघड्या पडल्या होत्या, खिडकीच्या वाऱ्यात!

“अशा उघड्यावर मोजल्यात?”

“मग? सहा वर्षं सिलिकॉन असंच मोजतोय. त्याला हवेचं काही वाटत नाही.”

“हे सिलिकॉन नाही! याला हवा लागली, ओल लागली की संपलं. डबीवर लिहिलं होतं मी! स्वतःला नाचता येईना आणि अंगण वाकडं!”

त्याने डबी फिरवून वाचली. त्याचे कान लालबुंद झाले. ते तिला गोड वाटले, आणि त्याचाही तिला रागच आला.

तिने जपून ठेवलेला दुसरा थर आणला. हवा काढून नायट्रोजन भरलेल्या बंद पेटीत रबरी मोज्यांतून हात घालून दोघं शेजारीशेजारी उभी राहिली... खांद्याला खांदा लागत होता. वीज आधीच्या चाळीस पट वाहिली.

“बघा!”

“बघतोय...”

“माझ्याकडे नाही, आकड्याकडे!”

आता हा गुपचूप चिठ्ठी बदलणार आणि खापर यंत्रावर फोडणार, अशी तिची खात्रीच होती. दुसऱ्या दिवशी बैठकीत प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी विचारलंही, “यंत्र बिघडलं होतं का?”

“नाही सर. सूचना न वाचता मी उघड्यावर मोजलं. चूक माझी. थर उत्तम आहे.”

सरांनी त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. तिचं काम मात्र चालू राहिलं.

बाहेर जिन्याशी तो थांबला. “एक बोलायचं होतं... तुम्ही मला फार आवडता.”

“माझा राग अजून गेलेला नाही!”

“किती दिवस टिकतो?”

“दोन तरी.”

“मग परवा विचारू... लग्नाचं?”

“परवा कशाला? तेव्हा मी गोड बोलेन, आणि पुढे जन्मभर तुम्ही म्हणाल, फसवलं! विचारायचं तर आत्ता विचारा.”

त्याने विचारलं. आणि ती, संतापलेलीच, हो म्हणाली.