बारीक तारेखालचा स्क्रू

विश्वास ठेवा असा आग्रह मी करणार नाही. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय, तेही भर दुपारी, दुकानाचं शटर सताड उघडं असताना. मंगळवार होता, सोळा तारीख.

मी गिटार दुरुस्त करतो. दुकान मुळात मास्तरांचं, मी हे काम त्यांच्याच हाताखाली शिकलो. त्यांना जाऊन सात महिने झाले, तेव्हापासून मी एकटाच असतो.

त्या दिवशी एक मुलगी बेस गिटार घेऊन आली. दुसऱ्या दिवशी चार वाजता एका मोठ्या बँडसाठी तिची चाचणी होती. चार तारांपैकी बारीक तार इतरांपेक्षा हळू वाजते, एवढीच तक्रार होती.

नव्या तारा तिने स्वतःच झटपट चढवल्या. मी सहज बोलून गेलो, "तिथे नाही जमलं तर माझ्याकडे ये. हात कसबी आहे तुझा."

ती हसली आणि संध्याकाळी येते म्हणून गेली.

काम सोपं होतं. तारांखाली त्यांचा आवाज पकडणारा पिकअप असतो, त्यात प्रत्येक तारेखाली एक स्क्रू. स्क्रू वर घेतला की त्या तारेचा आवाज वाढतो, खाली घेतला की बसतो. चारही तारा सारख्या बोलेपर्यंत फिरवत राहायचं. मी दहा मिनिटांत जमवलं आणि हात धुवायला मागे गेलो.

परत येऊन वाजवून बघितलं...

बारीक तार मेलेली.

तिचा स्क्रू दीड फेरा खाली गेला होता. म्हटलं, आपलंच लक्ष नव्हतं. पुन्हा वर घेतला. पाण्याची बाटली भरून आलो...

पुन्हा दीड फेरा खाली.

आणि तारेखाली आगपेटीतली एक काडी. टोकाला चावलेली. ओली.

अंगावर सर्रकन काटा आला. तार आणि पिकअपमधलं अंतर मास्तर काडीनेच मोजायचे. मग तीच काडी चघळत बसायचे. मी त्यांना वाळवी म्हणून चिडवायचो.

नजर भिंतीकडे गेली.

तिथे माझा स्वतःचा बेस टांगलेला आहे. एकोणीस वर्षांपूर्वी माझीही अशीच चाचणी होती. बेस मास्तरांनी सेट करून दिला होता. ऐन वाजवताना बारीक तार बसली आणि मला घरी पाठवलं. मास्तरांनी पाठीवरून हात फिरवला.

"तार चांगली आहे रे, तुझ्या बोटात जोर नाही. माझ्याकडे राहा. हात कसबी आहे तुझा."

मी राहिलो. त्यांच्यावर शंका घ्यायचं मनातही आलं नाही. त्यानंतर तो बेस कधी उतरवलाच नव्हता.

आता उतरवला. धूळ पुसली. बारीक तारेखाली बघितलं...

स्क्रू बाकीच्या तिन्ही स्क्रूंपेक्षा दीड फेरा खाली. शेजारच्या फटीत काडीचा वाळलेला तुकडा.

ज्यांना वडिलांच्या जागी मानलं, ज्यांच्या आजारपणात उशाशी बसून राहिलो, त्यांनी माझा केसाने गळा कापला होता. दुकानात एक कारागीर टिकावा म्हणून. राग तर आलाच, पण त्याहून जास्त रडू आलं.

"मास्तर, का केलंत?" मी मोठ्याने विचारलं.

मागच्या खोलीत काडी मोडल्यासारखा आवाज झाला... कट्.

मग काही नाही.

त्या मुलीचं तरी माझ्यासारखं होऊ द्यायचं नव्हतं. मी स्क्रू वर घेतला, नेलपॉलिशचा थेंब टाकून पक्का केला. ती येईपर्यंत बेस मांडीवरून खाली ठेवला नाही. तिने वाजवून बघितला. चारही तारा सारख्या. ती खुशीत गेली.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता तिचा फोन आला.

"काका, बारीक तार मध्येच बसली."

मी काही सांगायच्या आतच ती पुढे म्हणाली,

"तुम्ही म्हणालाच होतात ना, नाही जमलं तर माझ्याकडे ये."

आणि तिने फोन ठेवला. नंतर मी किती वेळा लावला, तिने उचलला नाही. उचलला असता तरी काय सांगणार होतो? तिच्या जागी मी असतो, तर मलाही पटलं नसतं.

दुकानात मी आगपेटी ठेवत नाही. काडी आयुष्यात कधी चघळलेली नाही.

पण त्या फोननंतर माझ्या जिभेवर ओल्या लाकडाची चव आहे. कितीही पाणी प्यायलो तरी ती जात नाही.