घुबडमावशीचा आवाज माझा होता

विश्वास ठेवा असा माझा आग्रह नाही. पण घडलं ते असंच घडलं, आणि त्यातलं एक अक्षरही मी बदलणार नाही.

रात्र नव्हती. अमावस्या तर मुळीच नव्हती. सुट्टीतली दुपार होती. ऊन खिडकीतून थेट फरशीवर उतरलं होतं आणि मी स्वयंपाकघरात शेंगा मोडत बसले होते. भुतंही दुपारी वामकुक्षी घेतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे जरूर वाचावं.

मी शाळेत लहान मुलांना शिकवायचे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने पूर्वी मुलांसाठी कॉम्प्युटरवरचा एक खेळ बनवला होता. सीडीवर यायचा. तुमच्यातल्या काहींनी लहानपणी असे खेळ खेळले असतील. चित्रातलं एक घर. हरवलेलं मांजराचं पिल्लू त्याच्या आईकडे पोचवायचं. माऊस फिरवला की पडद्यावर एक छोटा हात फिरायचा. वाटेल तिथे न्यायचा आणि टिचकी मारायची. घागरीवर मारली की बेडूक बाहेर उडी मारायचा. घड्याळावर मारली की घड्याळ शिंकायचं.

कोणी मागे लागायचं नाही. वेळ संपायची नाही. मरायचं तर नाहीच. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच खोलीत रेंगाळा, खेळ बिचारा तुमची वाट बघत थांबायचा.

हल्लीचे खेळ मी बघते. सतत धावायचं, सतत काहीतरी संपत असतं. पोरं खेळून उठतात ती चिडलेली. म्हातारीला जुन्याचंच कौतुक, असं म्हणाल तर म्हणा. आहेच मला.

त्या घराच्या छपराखाली एक घुबड बसलेलं असायचं. घुबडमावशी. मूल अडलं की तिच्यावर टिचकी मारायची, मग ती युक्ती सांगायची.

"बाई, घुबड नको. लोक अपशकुन म्हणतील," विद्यार्थी म्हणाला होता.

"म्हणू देत. रात्रभर जागून पोरांवर लक्ष ठेवणारं दुसरं कोण आहे?"

घुबडाला आवाज मी दिला. चुकीच्या प्रत्येक टिचकीसाठी वेगळं वाक्य बोलले होते मी. त्यामुळे त्या घराचा कोपरान् कोपरा मला पाठ.

तर, माझ्या मुलाने मध्यंतरी माळ्यावरून तो जुना कॉम्प्युटर खाली काढला. त्याच्या लेकीसाठी. तिला आम्ही भिंगरी म्हणतो. एका जागी बसेल तर शपथ. जेवतानासुद्धा खुर्चीभोवती फेऱ्या चालू.

"आई, हा डबा चालू झाला तर मी माझं नाव बदलेन," मुलगा म्हणाला.

डबा चालू झाला.

"बदल आता," मी म्हटलं. तो हसत कामावर गेला.

दुपारी मागच्या खोलीतून आवाज यायला लागले.

टिक.

"ही पेटी बंद आहे, बाळा. किल्ली कुठे असेल बरं?"

टिक.

"छे! घागरीत किल्ली नसते. बेडूक असतो."

भिंगरी खिदळत होती. मला मोठी गंमत वाटत होती. माझाच जुना आवाज. तेव्हा त्यात गोडवा होता, आता खोकला आहे.

मग हसू थांबलं.

अडली असेल कोड्यात, असं वाटलं.

मग टिकटिकही थांबली.

पण आवाज... आवाज बोलतच होता.

टिचकी मारल्याशिवाय घुबडमावशी कधीच बोलत नाही. खेळच तसा आहे.

"तिकडे नाही. खाली. जिन्याखाली."

जिन्याखाली? तिथलं असं वाक्य मला आठवेना.

"शाब्बास. आता मागे बघू नकोस..."

शेंग हातातच राहिली.

"आणि आजीला हाक मारू नकोस."

तो आवाज दिला तेव्हा मी आजी नव्हते. माझा मुलगाच तेव्हा शाळेत जात होता. आणि त्या सगळ्या खेळात आजी नावाचं कोणी नव्हतं.

मी धावले.

भिंगरी खुर्चीत बसली होती. नुसती... बसली होती.

पाय हलत नव्हते. डोळे पडद्यावर. दोन्ही हात मांडीवर. माऊस तिच्यापासून लांब, तसाच पडलेला.

आणि पडद्यावरचा तो छोटा हात आपला आपण सरकत होता. हळूहळू. जिन्याकडे.

जिन्याखाली दार होतं.

त्या घरात असं दार कधीच नव्हतं. ते किलकिलं उघडं होतं आणि आत काळोख होता. चित्रकाराने त्या घरात काळा रंग वापरलाच नव्हता. लहान मुलं घाबरतात म्हणून त्याने रात्रसुद्धा निळी रंगवली होती.

मी छपराखाली पाहिलं. घुबडमावशी जागेवर नव्हती.

"भिंगरे, ऊठ."

"मावशी म्हणते, थोडंच राहिलंय." फक्त ओठ हलले.

मी तिला उचलायला गेले. एवढीशी पोर, रोज कडेवर घेते मी तिला.

हलली नाही. खुर्चीसकट जमिनीत रुजल्यासारखी.

मी प्लगकडे हात नेला.

"कर ना बंद," स्पीकरमधून माझाच आवाज म्हणाला. "ही इकडेच राहील."

मी हात मागे घेतला.

भ्याले का? भ्याले. खोटं कशाला सांगू? पण भीतीच्या वर राग चढला. माझ्या नातीला, माझ्याच आवाजात, माझ्याच घरातून बोलावून नेतोस? कोण रे तू?

"चल बाळा. लवकर. दार बंद होईल. लवकर ये..."

ते ऐकलं आणि मी स्टूल ओढून भिंगरीशेजारी बसले. घाबरलेल्या मुलाला ओढायचं नसतं. शेजारी बसायचं असतं.

"भिंगरी, एक विचारू? घुबडमावशी कधी 'लवकर' म्हणते का गं?"

तिचे डोळे पडद्यावरच.

"लवकर!" स्पीकर म्हणाला.

"आठव सावकाश. मला काही घाई नाही."

विद्यार्थ्याने लिहून आणलेल्या वाक्यांत तो शब्द होता. मी म्हणायला नकार दिला होता. सगळं जग पोरांना उठता बसता लवकर, लवकर करत असतं. एका घुबडाने नाही केलं तर काय बिघडतं? शेवटी त्याने तो शब्द सगळीकडून काढला होता.

पडद्यावरचा हात दाराला टेकला. दार आणखी उघडलं. खोलीत गारवा आला... बाहेर रणरणतं ऊन होतं.

मी भिंगरीकडेच बघत राहिले. दाराकडे मुद्दाम बघितलं नाही.

"नाही म्हणत," भिंगरी पुटपुटली.

"काय नाही म्हणत?"

"मावशी लवकर नाही म्हणत. ती म्हणते, बघ सावकाश."

"मग ही कोण?"

तिची मान हळूच माझ्याकडे वळली. "ही मावशी नाहीये, आजी."

"मग हिच्याकडे कशाला जायचं? खेळातून घरी कसं यायचं, सांग बरं."

"फाटकातून."

"मार टिचकी."

तिने माऊस धरला. पडद्यावरचा हात दारापासून सुटेना. ती दोन्ही हातांनी माऊस ओढत होती. स्पीकर नुसता लवकर, लवकर, लवकर करत होता, आणि आता तो आवाज माझा राहिलाच नव्हता. कोणाचाच नव्हता तो.

"जमतंय. मी आहे इथे," मी म्हटलं.

टिक.

खेळ बंद झाला. भिंगरीने भोकाड पसरलं, मग माझा हात धरला आणि रडता रडता म्हणाली, "आजी, तुझे हात किती गार आहेत."

संध्याकाळी मी विद्यार्थ्याला फोन केला.

"जिन्याखाली दार?" तो म्हणाला. "बाई, तिथे नुसती एक छत्री टांगलेली होती."

मी सीडी मोडली. वायर काढून कपाटात ठेवली. मुलगा म्हणाला, "उद्याच भंगारवाल्याला देतो."

"द्यायचा नाही."

"आई, अगं ज्याची भीती वाटते ते घरात कशाला ठेवतेस?"

"भंगारातून तो कोणाच्या तरी घरी जाईल. कोणाच्या तरी पोरासमोर बसेल. तिथे मी नसेन."

"तुला भास झाला असेल."

"झाला असेल. आता भासावर लक्ष ठेवते."

भिंगरीला त्या खोलीत जायची बंदी आहे. मी मात्र रोज दुपारी तिथे जाऊन बसते. शेंगा, निवडायचं धान्य, जे काय असेल ते घेऊन. त्या काळ्या पडद्यासमोर. माझं घर आहे, मी उठून जाणार नाही.

पहिले काही दिवस काहीच नव्हतं.

मग एका दुपारी... स्पीकर खरखरला. वायर कपाटात होती.

"साव... साव..."

मी स्पीकरजवळ वाकले.

"सावक... लवकर... साव..."

तेव्हा कळलं. मी भिंगरीला जे समजावलं, ते त्यानेही ऐकलं होतं. तो पाठ करत होता.

मी जन्मभर शिकवलंय. शिकणारा कुठवर आलाय ते मला आवाजावरून कळतं. हा रोज थोडा थोडा पुढे येत होता.

काल त्याला जमलं.

"सावकाश, बाळा. बघ सावकाश."

अगदी माझ्यासारखं. तेच थांबणं, 'बाळा'वर तोच हेल. भिंगरीने ऐकलं असतं तर ती उठून गेली असती.

मी टोपली खाली ठेवली, चष्मा वर सरकवला आणि वर्गात बोलायचे तशी म्हणाले,

"चूक. पुन्हा म्हण."

बरोबर उत्तराला मी आयुष्यात कधी चूक म्हटलं नव्हतं.

मी टोपली पुन्हा मांडीवर घेतली...

मग तो पुन्हा म्हणाला. या वेळी जरा अडखळत.

"चूक," मी म्हटलं. "पुन्हा."