झाकणावरच्या मुंग्या

"चोरी झाली, पण चोरानं वस्तू परत आणून ठेवली," कारखान्याची मालकीण म्हणाली. "आता तक्रार तरी कसली करू?"

खाजगी तपास करणाऱ्या वहिनींनी चष्मा पुसला. शेजारी त्यांचे धाकटे दीर बसले होते. चित्रकलेचे निवृत्त मास्तर, पण सगळे त्यांना भावोजीच म्हणत. तपासात ते वहिनींची पिशवी धरत आणि हटकून भलत्याच माणसावर संशय घेत.

"मग आमच्याकडे का आलात?" भावोजींनी विचारलं.

"आमचे काका काम सोडून निघालेत म्हणून."

काका चाळीस वर्षं जुन्या मोटारींच्या इंजिनांचे ॲल्युमिनियमचे ओतीव भाग हातानं घासून आरशासारखे करत होते. सोमवारी त्यांनी इंजिनावरचं एक झाकण पुरं करून कपाटात ठेवलं. मंगळवारी ते गायब. गुरुवारी सकाळी पुन्हा जागच्या जागी. कुलूप शाबूत होतं. किल्ल्या तिघांकडे: मालकीण, काका आणि फिटर.

"काका म्हणतात, मीच कुठेतरी ठेवून विसरलो. डोकं चालेनासं झालंय, उद्यापासून येत नाही." मालकीण खुर्चीत पुढे सरकली. "वडिलांच्या जागी आहेत हो ते मला."

तासाभरात दोघं मालकिणीबरोबर कारखान्यात पोहोचले. काका पाटावर बसून घासत होते. हात काळे, आणि गुडघ्यावर फडकं.

"एका सँडपेपरच्या रेघा पुढच्या बारीक सँडपेपरनं आडव्या कापायच्या," ते सांगू लागले. "म्हणजे आधीची रेघ उरली तर उघडी पडते. रॉकेलात भिजवून घासायचं. शेवटी पॉलिश, आणि त्याचं काळं उचलायला ही खडूची पूड. पूर्वी हे सगळं आमच्या स्वयंपाकघरातच चालायचं. लग्न नवं होतं तेव्हा."

बोलता बोलता त्यांनी चहाचा पेला भावोजींपुढे धरला आणि वीतभर अलीकडेच सोडला.

"काका, मी इकडे आहे हो!" भावोजी मांडी झटकत उठले.

"बघा, हातही ऐकेनात," काका ओशाळले. "सोमवारी त्या झाकणावर केसाएवढाही ओरखडा नव्हता. पण ठेवलं कुठे, काही केल्या आठवत नाही. स्वतःचं ठेवलेलं ज्याला आठवत नाही, त्यानं दुसऱ्याची वस्तू हातात घेऊ नये."

वहिनींनी झाकण खिडकीशी नेऊन तिरपं धरलं. त्यावरच्या उठावाच्या अक्षरांच्या खाचेत पाच-सहा मुंग्या होत्या.

"कपाटात कुणी खायचं ठेवतं का?"

"छे," मालकीण म्हणाली.

"मुंग्यांना चकाकी आवडत असेल," भावोजी म्हणाले.

"तुम्ही मुंग्यांचेही मास्तर होतात का? त्यापेक्षा या रेघा बघा."

भावोजींनी डोळे बारीक केले. काकांच्या इतर कामांवरच्या पुसट रेघा उजवीकडे झुकत होत्या. या झाकणाच्या एका कोपऱ्यात मात्र त्या डावीकडे कलल्या होत्या.

फिटर पान्यावरून नजर काढेना. "झाकण मिळालं, ओरखडा गेला, गिऱ्हाईक खूश होईल. आता कशाला उकरता?"

"हाच तो!" भावोजी वहिनींच्या कानात पुटपुटले.

इतक्यात काकू डबा घेऊन आल्या. त्यांनी डाव्या हातानं डबा उघडला, डाव्याच हातानं वाढलं. नखांच्या कडा काळ्या होत्या.

"कढई घासली आज," भावोजींची नजर पाहून त्या म्हणाल्या. "यांना काम सोडू देऊ नका हो. घरी बसले तर माझी भांडी घासून घासून भोकं पाडतील."

जेवणं झाल्यावर वहिनींनी सगळ्यांना बसवलं.

"काका, तुमचं डोकं ठणठणीत आहे. झाकण तुम्ही कपाटातच ठेवलं होतं. ते फिटरनं नेलं."

"मी म्हटलं नव्हतं?" भावोजी म्हणाले.

"चोरायला नव्हे. मालकीणबाई, झाकणावर ओरखडा होता हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही."

"काकाही नव्हता म्हणतात. मग फिटर म्हणाला 'ओरखडा गेला', तो कुठला? त्यानं एकट्यानं तो पाहिला होता. काकांच्या नजरेतून सुटला, कारण त्यांना समोरच्या माणसाचा हातही नीट दिसत नाही. ते विसरत नाहीत. त्यांना दिसत नाही."

फिटरनं मान खाली घातली. "काकांनी मला हे काम शिकवलं. मालकीणबाईंना कसं सांगणार?"

"म्हणून त्यानं झाकण अशा माणसाकडे नेलं, जो डाव्या हातानं घासतो, आणि कारखान्यात नाही, स्वयंपाकघरात. तिथे खडूची पूड नव्हती. काळं उचलायला कणीक घेतली, ती अक्षरांत अडकली. खडू खायला मुंग्या येत नाहीत."

काकूंनी हात पदराआड घेतले. काका त्यांच्याकडे वळले.

"मला का नाही सांगितलंस?"

"दुनियेचे ओरखडे पकडणाऱ्या माणसाला, स्वतःचा सुटला म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?"

"आणि मला वेड लागलं असं वाटत होतं, त्याचं काय?"

काकूंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "तेवढं नाही सुचलं हो मला. झाकण परत गेलं की सगळं मिटेल वाटलं."

मग काका हसू लागले, आधी हळू, मग खांदे हलेपर्यंत.

"डोळ्यांचं ऑपरेशन होतं गं! डोक्याचं थोडंच होणार होतं?"

"उद्याच डॉक्टरांकडे नेते," मालकीण म्हणाली. "पण काम सोडायचं नाही."

"डोळे बरे होईपर्यंत करणार कसं?"

कोपऱ्यातला दुसरा पाट उचलून मालकिणीनं काकांच्या पाटाशेजारी मांडला. काकू संकोचून उभ्याच राहिल्या.

काकांनी फळीवरचा एक ओबडधोबड ओतीव भाग चाचपून घेतला आणि खिडकीकडच्या आपल्या पाटावरून दुसऱ्या पाटावर सरकले.

"बस," ते म्हणाले. "उजेडाची बाजू तुझी."