मयत चार

हे मी पाहिलेलं नाही, बरं का. वळसंगकडच्या शंकरप्पाला घडलं आणि त्यानं मला एकदाच सांगितलं. पुन्हा विचारलं तर उठून जातो.

शंकरप्पा ग्रामपंचायतीत शिपाई. दुसऱ्या लाटेत गावच्या शाळेत कोरोनाचे रुग्ण ठेवले होते. रात्री माणसं घरी पळायची, म्हणून नऊ वाजता गावचा राखणदार कल्लप्पा बाहेरून फाटकाला कुलूप लावायचा, ते सकाळी सहालाच काढायचा. आत रुग्ण आणि पाळीवरचा शंकरप्पा. डोकी मोजायची, वहीत लिहायची, तालुक्याला फोनवर आकडा कळवायचा, एवढंच त्याचं काम. सोमवारी चार होते, गुरुवारी अकरा, शनिवारी एकवीस. मयत तीन.

त्या बुधवारी दुपारी एक मेंढपाळ फाटकाशी आला होता. म्हातारा, धाप लागलेला.

"आत घ्या की."

"गाव कुटलं तुजं?"

त्यानं माळावरच्या मेंढरांकडं बोट केलं. फिरस्त्याला कसलं गाव?

"हितं गावातल्यांचीच नोंद हाय," शंकरप्पा म्हणाला. "तुज्या गावाला जा." नावही विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी तो होटगीच्या रस्त्याला लिंबाखाली मरून पडलेला. आमचा न्हाय, असं हे गाव म्हणालं. पुढचं गावही तेच म्हणालं. त्याच्या माणसांनी माळावरच माती दिली. कुठल्याच वहीत तो चढला नाही.

आता शनिवारची रात्र. आठ मे. पावणेएकला लाइट गेली. कुणी उठून चालायला लागेल म्हणून शंकरप्पा मोबाईलचा उजेड घेऊन वर्गात गेला. सवयीनं मोजायला लागला.

बावीस.

परत मोजलं. बावीसच.

दाराजवळच्या गादीवर महानंदा जागी होती. मास्कच्या आतून हळूच म्हणाली, "शंकरभाऊ, त्यास्नी गादी द्या की. मगाधरनं फरशीवर बसल्यात."

"कुणाला?"

तिनं कोपऱ्याकडं बघितलं. "सगळी खोकत्यात. त्ये न्हाय खोकत. श्वासबी..."

तिनं चादर तोंडावर घेतली.

शंकरप्पानं उजेड तिकडं नेला. डोक्यावरून घोंगडं घेऊन कुणी तरी बसलेलं. पाठमोरं.

तो मागच्या मागं बाहेर आला. फाटक हलवलं. कुलूप बाहेर. भिंतीवर काचा. कल्लप्पाला फोन लावला. रिंग वाजत राहिली... गाव झोपलेलं. दुसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा लावला.

मागं वर्गातलं खोकणं थांबलं. एकवीस माणसांचं. एकदम.

तो वळला नाही.

"आता तरी लिव की."

आवाज अगदी खांद्याजवळ. शंकरप्पानं फाटकाचे गज घट्ट धरले.

"काय... काय लिवू?"

"नाव."

"कुणाचं?"

"मायाप्पा."

तो ऑफिसात गेला. वही उघडली. तीनच्या आकड्यावर रेघ मारली. मयत चार. पुढं नाव लिहिलं. अक्षर ओळींच्या बाहेर गेलं. मग टेबलाखाली शिरला, आणि उजाडेपर्यंत तिथंच...

सहा वाजता कल्लप्पानं कुलूप काढलं. रात्री फोन वाजलाच नाही म्हणाला. वर्गात माणसं एकवीस. कोपरा मोकळा. सगळी खोकत होती, आणि शंकरप्पाला त्याचंच बरं वाटलं.

दुपारी तो माळावर मेंढरांकडं गेला. म्हाताऱ्याच्या सुनेला नाव विचारलं. ती म्हणाली, "मायाप्पा. का?"

तो आल्या वाटेनं परत फिरला.

रात्रीचं मी पाहिलेलं नाही, म्हणालो ना. वही मात्र पाहिलीय. ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे. त्या पानावर नावापुढं एक अंगठा उठलेला आहे, निळ्या शाईचा. शाळेत तेव्हा शाईचा डबाच नव्हता.

मागच्या महिन्यात मी त्यावर बोट ठेवून बघितलं.

शाई अजून ओली आहे.